भागाकाराआधीचे दोन आकडे छापा

पशुपोषण व पशुपैदास विषयांच्या नियतकालिकांचे संपादक आणि परीक्षक, तसेच पैदाशीसाठी नर निवडणाऱ्या समित्यांचे सर्व सदस्य यांस,

स.न.वि.वि.

गेली बरीच वर्षे मी खाद्य-चाचण्यांची आकडेमोड करते. जनावरे दुसरे कोणी सांभाळते, खाद्य दुसरे कोणी बनवते, माझ्याकडे येते ती शीट. जनावराचा बिल्ला क्रमांक, सुरुवातीचे वजन, शेवटचे वजन, खाल्लेले खाद्य आणि अगदी उजवीकडे ठळक अक्षरांत एफसीआर, म्हणजे एक किलो वजन वाढायला किती किलो खाद्य लागले तो आकडा. हे पत्र त्या शेवटच्या रकान्याबद्दल आहे. अहवालात तोच छापला जातो, चाचणी यशस्वी की अयशस्वी हे तोच ठरवतो आणि पैदाशीचा नरही त्याच्यावरूनच निवडला जातो. ज्या दोन रकान्यांसाठी कोणीतरी रोज पहाटे गव्हाणीत उरलेले खाद्य गोळा करून तोलले, ते मात्र बहुतेक वेळा वाचकापर्यंत पोहोचतच नाहीत.

कामाला लागले त्या पहिल्या वर्षातली एक चाचणी मला अजून आठवते. एका गटात दहा कालवडी होत्या आणि चाचणी अठ्ठावीस दिवसांची. नऊ कालवडींनी प्रत्येकी सुमारे १९६ किलो खाद्य खाऊन २८ किलो वजन वाढवले होते, म्हणजे एफसीआर ७. सतरा नंबरची कालवड मधल्या काळात खुराच्या दुखण्याने लंगडत होती. तिने १६८ किलो खाल्ले आणि वजन वाढले फक्त २ किलो. तिचा एफसीआर आला ८४. दहा जणींची सरासरी काढली तर १४.७. शेजारच्या गटाची सरासरी साडेसातच्या आसपास होती, त्यामुळे आमचे खाद्य सपशेल नापास. मी तेव्हा जे केले ते आज लिहिताना बरे वाटत नाही: सतरा नंबर ‘अपवादात्मक’ म्हणून काढून टाकली आणि खाद्य पास झाले. दोन्ही उत्तरे चुकीची होती. सगळ्या दहा जणींचे खाद्य आणि सगळ्यांची वजनवाढ वेगवेगळी बेरजेला घेतली असती तर १९३२ भागिले २५४, म्हणजे ७.६ आले असते. एक कालवड आजारी पडली, गटाचे थोडे नुकसान झाले, एवढेच त्या चाचणीत घडले होते. ते १४.७ मध्ये दिसले नाही आणि ७ मध्येही दिसले नाही.

हा माझ्या अननुभवाचा दोष होता हे खरे. पण तशी चूक करायला वाव दिला तो भागाकाराने. वजनवाढ छेदात असते आणि छेद शून्याजवळ गेला की उत्तर आभाळाला भिडते. जनावराचे वजन घटले तर एफसीआर उणे येतो, आणि उणे एफसीआर म्हणजे चांगला की वाईट याला काही उत्तरच नाही. संख्याशास्त्रात ही गोष्ट जुनी आहे. शून्याभोवती पसरलेल्या दोन स्वतंत्र प्रसामान्य चलांचा भागाकार केला तर कॉशी वितरण मिळते आणि त्या वितरणाला सरासरीच नसते. आपली वजनवाढ शून्यापासून बऱ्यापैकी दूर असते म्हणून आपण बचावतो. पण चाचणी जितकी आखूड, तितके हे बचावणे नशिबावर.

आखूड चाचणीत नेमके काय होते ते पाहा. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात किती चारा-पाणी आहे त्यावर वजनकाट्याचा आकडा सहज काही किलोंनी हलतो. समजा खरी वाढ रोज १ किलो आहे आणि खाद्य रोज ७ किलो. अठ्ठावीस दिवसांत खाद्य १९६ किलो, वाढ २८ किलो, खरा एफसीआर ७. आता सुरुवातीला पोट भरलेले असताना ५ किलो जास्त आणि शेवटी रिकामे असताना ५ किलो कमी वजन नोंदले गेले, तर वाढ दिसेल १८ किलो आणि एफसीआर १०.९. नेमके उलटे घडले तर वाढ ३८ किलो आणि एफसीआर ५.२. चूक दोन्हीकडे सारखीच, दहा किलोची. पण एका बाजूला एफसीआर जवळजवळ चारने चढला आणि दुसऱ्या बाजूला दोननेही उतरला नाही. अशा चुका सरासरीत एकमेकींना खाऊन टाकतात असे आपण धरून चालतो. इथे त्या खात नाहीत. या दोन आकड्यांची सरासरी ८ येते, खऱ्याहून एकने जास्त. तीच चूक सत्तर दिवसांच्या चाचणीत झाली तर आकडे ८.२ आणि ६.१ असे येतात. मांसासाठीच्या गुरांच्या चाचण्या वजनवाढ नीट मोजता यावी म्हणून सत्तर दिवसांच्या आसपास ठेवण्याचा प्रघात पडला तो काही उगीच नाही. खाद्य किती खाल्ले ते त्याहून कमी दिवसांत पक्के कळते. वेळ लागतो तो वाढ कळायला.

यापुढचा मुद्दा परीक्षकांनी खास लक्ष देऊन वाचावा, कारण इथे निष्कर्षच उलटतो. काही लेखक एफसीआर छापतात, काही त्याचा व्यस्त, म्हणजे एक किलो खाद्यामागे किती वाढ झाली तो आकडा छापतात. दोन्ही एकच गोष्ट सांगतात असे आपण मानतो. एका गटात दोन जनावरे घ्या, दोघांचाही एफसीआर ५. दुसऱ्या गटात एकाचा ४ आणि दुसऱ्याचा ६.२. एफसीआरची सरासरी पहिल्या गटात ५.०, दुसऱ्यात ५.१, म्हणून पहिला गट सरस. आता व्यस्त घ्या. पहिल्या गटाची सरासरी ०.२०० आणि दुसऱ्याची ०.२०६, म्हणून दुसरा गट सरस. जनावरे तीच, गव्हाण तीच, वजनकाटाही तोच. खाद्य वर ठेवायचे की खाली, एवढ्यावर विजेता बदलला. या उदाहरणातला फरक लहान आहे, पण आपल्या कितीतरी चाचण्यांमधले फरकही एवढेच असतात. टक्केवारीचेही तसेच. एफसीआर २.० वरून १.८ वर आला की ‘१० टक्के सुधारणा’ लिहितात, व्यस्तात तीच सुधारणा ११ टक्के होते. मग जाहिरातीत कोणता आकडा जातो हे मी सांगायला नको.

लॉगॅरिथम घेतले की ही उलटापालट थांबते, कारण भागाकाराची वजाबाकी होते आणि वर-खाली हा भेद संपतो. ज्यांना गुणोत्तर सोडवतच नाही त्यांनी निदान एवढे करावे. पण त्याने खरे दुखणे बरे होत नाही. ते दुखणे संख्याशास्त्रातले कमी आणि जनावराच्या शरीरातले जास्त आहे.

जनावर जे खाते त्यातले आधी शरीरपोषणाला जाते. श्वास, रक्ताभिसरण, शरीराची ऊब, उठणे-बसणे. उरलेले वाढीला. म्हणजे खाद्य आणि वाढ यांची रेषा काढली तर ती शून्यातून जात नाही. वाढ शून्य असली तरी खाद्य लागतेच. समजा एकाच वजनाच्या सगळ्या जनावरांना रोज ४ किलो खाद्य शरीरपोषणाला लागते आणि पुढच्या प्रत्येक किलो वाढीला ३ किलो. हे आकडे समजुतीपुरते आहेत. रोज ८०० ग्रॅम वाढणारे जनावर ६.४ किलो खाईल, एफसीआर ८. एक किलो वाढणारे ७ किलो खाईल, एफसीआर ७. दोन किलो वाढणारे १० किलो खाईल, एफसीआर ५. तिघांचे पचन तेच, चयापचय तेच, शरीरपोषणाचा खर्चही तोच. काटकसर कोणाकडेच जास्त नाही. तरी एफसीआरच्या यादीत एक जण पहिला येतो आणि एक जण तळाला जातो. आता ८०० ग्रॅम वाढणाऱ्यांमध्ये एक खरोखर काटकसरी जनावर निघाले, ६.४ ऐवजी ५.९ किलोत तेवढीच वाढ करणारे. त्याचा एफसीआर ७.४. म्हणजे एक किलो वाढणाऱ्या अगदी सामान्य जनावराच्याही ते मागेच राहिले. आपल्याला जे जनावर शोधायचे होते तेच यादीतून गळाले.

हा दोष आपल्या क्षेत्रापुरता नाही. वैद्यकात टॅनर यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले होते की शरीराचे एखादे माप वजनाने किंवा शरीराच्या पृष्ठभागाने नुसते भागून ‘सामान्य’ प्रमाण ठरवले तर लहान चणीची आणि मोठ्या चणीची धडधाकट माणसेही विनाकारण सामान्याच्या बाहेर दिसू लागतात. कारण हेच, रेषा शून्यातून जात नाही. भागाकार करून छेदाचा परिणाम ‘काढून टाकला’ असे म्हणण्याचा हक्क फक्त शून्यातून जाणाऱ्या रेषेलाच असतो.

आणि त्याहूनही जुना इशारा आहे कार्ल पिअर्सन यांचा, १८९७ चा. एकमेकांशी काहीही नाते नसलेल्या तीन राशी घ्या, पहिल्या दोघींना तिसरीने भागा, की येणाऱ्या दोन गुणोत्तरांत सहसंबंध उगवतो. तिन्हींचा विचरणांक, म्हणजे सरासरीच्या तुलनेत आकड्यांचा विखुरलेपणा, सारखा असेल तर तो ०.५ च्या आसपास असतो. पिअर्सन यांनी त्याला आभासी सहसंबंध म्हटले. आपल्या लेखांत मात्र ‘वाढीचा वेग आणि एफसीआर यांच्यात ठळक ऋण सहसंबंध आढळला, म्हणून जलद वाढणारी जनावरे कार्यक्षम असतात’ हे वाक्य आजही मान वर करून फिरते. वाढ स्वतःच एफसीआरच्या छेदात बसली आहे, मग सहसंबंध ऋण येईल नाही तर काय? नव्याने कामाला आलेल्यांना मी हे तोंडी सांगत नाही, करून पाहायला लावते. शीटमधला खाद्याचा रकाना उचलायचा आणि त्याच्या ओळी पत्त्यांसारख्या पिसून टाकायच्या, म्हणजे या गाईचे खाद्य त्या गाईच्या वाढीसमोर. आता खाद्य आणि वाढ यांचा काडीचाही संबंध उरला नाही. मग एफसीआर काढायचा आणि वाढीशी ताडून पाहायचा. वाढीचा विचरणांक १५ टक्के आणि खाद्याचा १० टक्के असला तर सहसंबंध उणे ०.८ च्या जवळपास येतो. जनावरे अदलाबदल करूनही ‘निष्कर्ष’ जागचा हलत नाही. पिसलेल्या रकान्यातून जो निष्कर्ष निघतो तो छापण्याजोगा नाही, एवढे तरी आपण मान्य करू या.

आता निवड समित्यांसाठी. दोन वळू आहेत. एक रोज ६ किलो खातो आणि १ किलो वाढतो. दुसरा १२ किलो खातो आणि २ किलो वाढतो. दोघांचाही एफसीआर ६, यादीत दोघे शेजारी. पण त्यांच्या मुली सारख्या नसतील. जलद वाढीबरोबर प्रौढ आकारही मोठा येण्याकडे कल असतो, आणि मोठी गाय वर्षाचे बाराही महिने शरीरपोषणासाठी जास्त खाते, दूध देत असो वा भाकड असो. गुणोत्तरावर निवड करताना आपण अंश कमी करतो आहोत की छेद वाढवतो आहोत हे आपल्या हातात राहत नाही. गन्सेट यांनी १९८४ मध्ये हे नीट मांडले होते: गुणोत्तरावर थेट निवड करण्यापेक्षा अंश आणि छेद यांना वेगवेगळे भार देऊन बनवलेल्या रेषीय निर्देशांकावर निवड करावी, म्हणजे कोणता गुण किती सरकेल याचा अंदाज बांधता येतो. निर्देशांकाचे तंत्र तर हेझल यांच्या १९४३ च्या कामापासून आपल्या हाताशी आहे. तरीही निवडीच्या तक्त्यात एफसीआरचाच रकाना मला पुन्हा पुन्हा दिसतो.

दुभत्या गाईंच्या बाबतीत गुणोत्तर याहून मोठी फसगत करते आणि तिची किंमत जनावर मोजते. नुकत्याच व्यालेल्या दोन गाई, दोघींचे दूध ३० किलो. एक २० किलो शुष्क पदार्थ (पाणी वगळून उरणारे खाद्य) खाते, दुसरी १६ किलोच खाते. किलोमागे दूध पहिलीचे १.५, दुसरीचे जवळपास १.९. दुसरी कार्यक्षम ठरली. पण गोठ्यात जाऊन तिच्या पाठीवरून हात फिरवा. मणके आणि माकडहाडाजवळचा खोलगट भाग हाताला लागतो. उरलेले दूध ती स्वतःच्या चरबीतून काढते आहे. ते कर्ज आहे आणि व्यायल्यानंतरच्या पुढच्या महिन्यांत ते खाद्यातूनच फेडावे लागणार. तोवर कीटोसिसचा, म्हणजे अंगची चरबी फार वेगाने वापरली गेल्याने होणाऱ्या आजाराचा, धोका असतो आणि माजावर येणेही लांबते. अशा गाईला बक्षीस देणारा मापदंड आपण वापरत राहिलो तर शरीर झिजवून दूध देणाऱ्या गाईच पिढ्यान्पिढ्या निवडत जाऊ. यात कोणाची लबाडी नाही. शरीराच्या साठ्यात झालेला बदल ना अंशात आहे ना छेदात, म्हणून तो दिसत नाही, बस्स. वाढत्या जनावरातही हेच, फक्त उलट्या दिशेने. एक ग्रॅम मेदात सुमारे ३९ किलोज्यूल ऊर्जा असते, एक ग्रॅम प्रथिनात सुमारे २४, आणि मांसाबरोबर भरपूर पाणीही साठते. म्हणून चरबीचा एक किलो आणि मांसाचा एक किलो वजनकाट्यावर सारखे भरले तरी खाद्याच्या हिशेबात त्यांच्यात फार मोठे अंतर आहे.

कोंबड्यांच्या बॅचबद्दल थोडक्यात. पक्षी जितका जड करून विकाल तितका एफसीआर चढतो, तेव्हा वेगवेगळ्या अंतिम वजनांच्या बॅचचे एफसीआर शेजारी ठेवू नका. मेलेल्या पक्ष्यांनी खाल्लेले खाद्य हिशेबात असते, त्यांचे वजन कधी धरतात, कधी धरत नाहीत. काय केले ते लिहा. आणि खाद्य पेननिहाय, म्हणजे पक्ष्यांच्या एकेका कप्प्यानुसार, तोलले असेल तर नमुना पेनचा आहे, पक्ष्यांचा नाही. आठ पेन म्हणजे आठ निरीक्षणे, आत चारशे पक्षी असले तरीही.

मग गुणोत्तराऐवजी काय? याला एक उत्तर बऱ्याच वर्षांपासून आहे. कॉख आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये सुचवले की जनावराचे वजन आणि वाढ पाहता त्याने किती खायला हवे होते याचा रिग्रेशनने, म्हणजे सगळ्या गटाच्या आकड्यांतून बसवलेल्या रेषेवरून, अंदाज काढावा आणि प्रत्यक्ष खाल्ल्यातून तो वजा करावा. जे उरते ते अवशिष्ट खाद्यग्रहण, आपण सगळे ज्याला आरएफआय म्हणतो. उणे आले तर जनावर अपेक्षेपेक्षा कमी खाऊन तेवढेच वाढले. वरचे ८०० ग्रॅमवाले काटकसरी जनावर इथे उणे अर्ध्या किलोने लगेच नजरेत भरते. मला ही पद्धत एफसीआरपेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटते. पण ती डोळे झाकून वापरली जाऊ लागली आहे आणि तेही मला खुपते. अवशिष्ट म्हणजे उरलेले सगळे, त्यात काटकसर आहे तशाच मोजमापाच्या सगळ्या चुकाही आहेत. वाढ कच्ची मोजली तर रेषेचा उतार मंदावतो आणि जलद वाढणारी जनावरे नाहक खादाड ठरतात. हा आकडा त्या त्या गटापुरता असतो. एका गटातले उणे अर्धा दुसऱ्या गटातल्या उणे अर्ध्याशी ताडता येत नाही. केनेडी, व्हॅन डर वेर्फ आणि म्यूविसेन यांनी १९९३ मध्ये दाखवले की बाह्य, म्हणजे जनावरावर प्रत्यक्ष मोजलेल्या, गुणांवरून काढलेला आरएफआय वाढीशी बाह्यतः असंबद्ध असला तरी जनुकीय पातळीवर संबंध शिल्लक राहू शकतो, आणि आरएफआयवरची निवड म्हणजे शेवटी मूळ गुणांच्या एका निर्देशांकावरचीच निवड. म्हणजे खाद्य, वाढ आणि वजन हे मूळ आकडे हाताशी असले की आरएफआयने नवे असे काही मिळत नाही. फक्त तीच माहिती सोयीच्या रूपात येते.

एफसीआर हद्दपार करा असे मी म्हणत नाही. शेड चालवणाऱ्याला बॅचच्या शेवटी एकूण खाद्य भागिले एकूण वजन हा आकडा हवाच असतो. तो हिशेबाचा आकडा आहे आणि हिशेबाच्या वहीत शोभतो. त्याची विश्वासमर्यादा, म्हणजे खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकतो ती कक्षा, हवी असेल तर फीलर यांची १९५४ ची पद्धत आहे. छेद डळमळीत असेल तर ती मर्यादा अनंतापर्यंत ताणून आपल्याला तसे स्पष्ट सांगते. माझी हरकत आहे ती प्रत्येक जनावराचा भागाकार करून, त्या भागाकारांची सरासरी काढून, त्यावर विचरण-विश्लेषण (गटागटांतला फरक तपासण्याची पद्धत) चालवण्याला आणि त्यावरून नर निवडण्याला.

म्हणून संपादकांना माझे मागणे आहे. ज्या लेखात एफसीआर असेल त्यात खाद्यग्रहण, वजनवाढ, सुरुवातीचे आणि शेवटचे वजन यांच्या सरासऱ्या आणि प्रमाण विचलन छापल्याशिवाय तो स्वीकारू नका. गुणोत्तरांची सरासरी काढली की सरासऱ्यांचे गुणोत्तर, हे पद्धतीच्या भागात एका वाक्यात लिहायला लावा. खाद्याचे विश्लेषण वाढ आणि वजन सहचल म्हणून घेऊन, म्हणजे त्यांचा परिणाम हिशेबात धरून, करायला सांगा. वगळलेल्या प्रत्येक जनावराचा क्रमांक आणि कारण मागा. माझी सतरा नंबर अशा एखाद्या प्रश्नानेच वाचली असती. जनावरांच्या पोटातून निघणाऱ्या मिथेन वायूवर काम करणाऱ्यांचे लेखही याच नजरेने पाहा, कारण किलो खाद्यामागे मिथेन आणि किलो दुधामागे मिथेन ही गुणोत्तरे आता त्याच वाटेने निघाली आहेत.

निवड समित्यांना एकच विनंती, आणि ती तातडीची. जुन्या चाचण्यांच्या शीट ठिकठिकाणच्या संगणकांत आणि फायलींत पडून आहेत. नव्या प्रणालीत त्या भरताना जागा वाचवण्यासाठी फक्त ‘अंतिम निकाल’, म्हणजे एफसीआर, तेवढाच ठेवायचा आणि बाकीचे रकाने उडवायचे असे होताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. कृपा करून ते थांबवा. खाद्य आणि वाढ ठाऊक असेल तर एफसीआर कोणीही कधीही काढू शकतो. नुसत्या ६ वरून मात्र ते जनावर सहा किलो खाऊन एक किलो वाढले होते की बारा खाऊन दोन, हे कधीच परत काढता येत नाही. तुमच्यापैकी कोणाकडे अशा फायली असतील आणि त्या नीट भरून घ्यायला माणूस हवा असेल तर मी यायला तयार आहे. वजनकाट्याच्या वह्या हाताने लिहिलेल्या असल्या तरी चालतील.

आपली नम्र,
खाद्य-चाचण्यांची आकडेमोड करणारी एक संख्याशास्त्रज्ञ